अंदाजपंचे नको: एआयमुळे महासंकट येण्याची टक्केवारी कशी मांडावी

एआयमुळे मानवजातीवर महासंकट ओढवण्याची शक्यता किती, या आकड्याला या विषयातली मंडळी ‘पी-डूम’ म्हणतात. ‘पी’ म्हणजे संभाव्यता, ‘डूम’ म्हणजे सत्यानाश. एआयचे नोबेलविजेते संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०२४ च्या अखेरीस हा आकडा ३० वर्षांसाठी १० ते २० टक्के सांगितला. तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांनी २०२० मध्ये शंभर वर्षांसाठी दहात एक सांगितला होता. २०२२ च्या एका मोठ्या स्पर्धेत, भाकितं बरोबर ठरण्याची ज्यांची ख्याती आहे अशा ‘सुपरफोरकास्टर’ मंडळींचा मध्यक (सगळी उत्तरं चढत्या क्रमाने लावली की मधोमध येणारा आकडा) निघाला ०.३८ टक्के. नवखा माणूस हे तीन आकडे शेजारी ठेवतो आणि म्हणतो, सगळेच अंदाजपंचे दाहोदरसे.

तसं नाही. हे तीन वेगळ्या प्रश्नांचे आकडे आहेत. प्रश्न नीट मांडला की मतभेद बराच आक्रसतो, आणि जो उरतो तो नेमका कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येतं. हे बोट ठेवता येणं म्हणजे निम्मं काम झालं. शेवटचा आकडा त्यामानाने दुय्यम.

सामान फार लागत नाही: एक्सेल किंवा कुठलीही स्प्रेडशीट, दोन-दोन तासांच्या दोन बैठका, आणि तुमच्याशी मुळीच न पटणारा एक ओळखीचा माणूस. दोन्ही बैठका एकाच दिवशी उरकू नका. मध्ये रात्र गेली की पहिल्या दिवसाचे निम्मे आकडे आपल्यालाच परके वाटतात.

पायरी १: आकड्याआधी प्रश्न लिहा

कागदावर चार गोष्टी हव्यात. काय घडलं तर ‘महासंकट’ म्हणायचं? कधीपर्यंत? ते एआयमुळे झालं हे कशावरून ठरवायचं? आणि कुठली अट गृहीत धरली आहे?

पहिल्या मुद्द्यावर सर्वांत जास्त गफलत होते. फोरकास्टिंग रिसर्च इन्स्टिट्यूटच्या त्या स्पर्धेत दोन व्याख्या होत्या. ‘नामशेष होणं’ म्हणजे जगात ५,००० पेक्षा कमी माणसं उरणं. ‘महासंकट’ म्हणजे पाच वर्षांच्या आत १० टक्के माणसं मरणं. मुदत दोन्हींची २१००. सुपरफोरकास्टरांनी एआयमुळे नामशेष होण्याला ०.३८ टक्के दिले, महासंकटाला २.१३. एआयच्या जाणकारांनी अनुक्रमे ३ आणि १२. माणसं तीच, व्याख्या बदलली की आकडा चार ते सहा पट. यात तिसरी व्याख्या घाला: माणसं जिवंत आहेत, पण जगाचा कारभार कायमचा त्यांच्या हातून गेला आहे. अनेक अभ्यासक हेही महासंकटातच धरतात, आणि लोकसंख्येवर बेतलेल्या व्याख्येत ते अजिबात पकडलं जात नाही.

शब्दयोजनेचा परिणाम किती होतो, याचं एक उदाहरण डोक्यात पक्कं बसवून ठेवावं असं आहे. २०२३ मध्ये २,७७८ एआय संशोधकांना विचारलं गेलं की, यंत्रं प्रत्येक काम माणसाच्या मदतीशिवाय, अधिक चांगलं आणि स्वस्तात करू शकतील अशी ५० टक्के शक्यता कोणत्या वर्षी येईल? उत्तर आलं २०४७. प्रश्न फिरवून, प्रत्येक व्यवसाय पूर्णपणे यंत्रांकडे सोपवता येईल अशी ५० टक्के शक्यता कधी, असं विचारलं, तर उत्तर आलं २११६. तसं पाहिलं तर दोन्ही प्रश्न सख्खे भाऊ, पण उत्तरांत ६९ वर्षांचं अंतर. त्याच पाहणीत मानवजात नामशेष होण्यासारख्या परिणामाबद्दल तीन प्रकारे विचारलं गेलं. मध्यक एकदा ५, एकदा १०, एकदा पुन्हा ५ टक्के आला.

चौथा मुद्दा अटीचा. ‘माणसाच्या तोडीची यंत्रणा बनली तर’ असं धरून दिलेला आकडा आणि कुठल्याही अटीशिवाय दिलेला आकडा यांची तुलना म्हणजे आवळ्याशेजारी भोपळा. ‘आज जेवढी काळजी घेतली जाते तेवढीच पुढेही घेतली तर’ ही अटही लोक मनात धरतात आणि बोलताना गाळतात.

प्रश्न साधारण असा दिसला पाहिजे: ‘३१ डिसेंबर २०७० पर्यंत, माणसाच्या इच्छेविरुद्ध वागणाऱ्या एआय यंत्रणांमुळे, जवळपास सगळ्या मानवजातीच्या हातून जगाची सूत्रं कायमची जाण्याची, कुठलीही अट न धरता, शक्यता किती?’ वाक्य बोजड आहे, पण सुटसुटीत केलं की त्यातूनच पळवाटा निघतात.

पायरी २: मुदती एका मापात आणा

लांब मुदतीचा आकडा वर्षावर आणायचा तर भागाकार करू नका. आधी संकट न येण्याची शक्यता घ्या, तिचं जितकी वर्षं तितकं मूळ काढा, आणि ते एकातून वजा करा. हिंटन यांचे ३० वर्षांत १० टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ०.३५ टक्के, २० टक्के म्हणजे ०.७४. आजपासून २१०० पर्यंत, म्हणजे सुमारे ७५ वर्षांत १० टक्के, हे वर्षाला ०.१४ होतं. उलट जायचं तर वर्षाला ०.२ टक्के धोका ७५ वर्षांत जवळजवळ १४ टक्क्यांवर जातो.

हा हिशेब धोका दरवर्षी सारखाच धरतो, जे एआयबाबत बहुधा खरं नाही. म्हणून तो तुलनेपुरता वापरा आणि पुढे चला.

पायरी ३: बाहेरून बघा, आणि ते किती तोकडं पडतं तेही बघा

अंदाज बांधणाऱ्यांची जुनी शिस्त अशी की, आधी बाहेरून बघायचं: अशा गोष्टी आजवर किती वेळा घडल्या? लघुग्रहांबाबत हे जमतं. लोणारसारखी विवरं मोजता येतात, आकाशातल्या खडकांच्या कक्षा काढता येतात. २०२४ वायआर-४ हा लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांवर गेली, आणि आणखी निरीक्षणं येताच काही दिवसांत नगण्य झाली. त्या टक्केवारीमागे मोजमाप होतं. एआयच्या टक्केवारीमागे तसं मोजमाप नाही, हे पहिल्या दिवसापासून मान्य करून कामाला लागावं.

तरीही एक प्रयोग स्वतः करून बघा. लाप्लासचा जुना नियम सांगतो की, ‘एन’ वर्षांत एकदाही न घडलेली गोष्ट पुढच्या ‘एम’ वर्षांत घडण्याची शक्यता ‘एम’ भागिले ‘एन अधिक एम अधिक एक’. एआय या विषयाचा जन्म १९५६ च्या डार्टमथ परिषदेपासून धरला, तर ७० वर्षं झाली आणि महासंकट शून्य. पुढच्या ७५ वर्षांसाठी: ७५ भागिले १४६, म्हणजे ५१ टक्के! आता मोजणी माणसाच्या सुमारे ३ लाख वर्षांच्या वास्तव्यापासून सुरू करा, कारण तेव्हापासून कुठल्याही कारणाने आपण संपलेलो नाही. ७५ भागिले ३,००,०७६, म्हणजे ०.०२५ टक्के. नियम तोच, गणित दोन्हीकडे अचूक, आणि उत्तरांत दोन हजार पटींचा फरक. मेख कुठून मोजायला सुरुवात केली यात आहे. शिवाय जी संस्कृती संपते तिथे हिशेब लिहायला कोणी उरत नाही, त्यामुळे ‘आजवर कुठे काय झालं?’ या युक्तिवादाचं वजन मुळातच कमी.

मग ही पायरी ठेवायचीच कशाला? कारण तुमचा अंतिम आकडा यातल्या कुठल्या टोकाजवळ आहे आणि का, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. न आल्यास पुढच्या पायऱ्यांत काहीतरी चुकलं आहे.

पायरी ४: साखळी मांडा

खरं काम इथे आहे. महासंकट व्हायला कोणकोणत्या गोष्टी एकामागून एक घडाव्या लागतील, ते एकेका ओळीत लिहायचं, प्रत्येकीला टक्के द्यायचे, गुणाकार करायचा. नवख्यांसाठी सर्वांत चांगला साचा तत्त्वज्ञ जोसेफ कार्लस्मिथ यांचा २०२१ चा. मुदत २०७०. त्यांच्या सहा कड्या आणि त्यांनी तेव्हा दिलेले आकडे असे:

१. पुरेशा ताकदीची, योजना आखून स्वतः काम करणारी यंत्रणा बनवणं शक्य आणि परवडणारं होईल: ६५ टक्के.
२. ती बनवण्याची आणि वापरण्याची जोरदार ओढ असेल: ८०.
३. माणसाच्या हेतूला धरून वागेल अशी यंत्रणा बनवणं, वरवर उपयोगी पण आतून बेभरवशाची बनवण्यापेक्षा बरंच अवघड असेल: ४०.
४. अशा काही यंत्रणा माणसाला नको असलेल्या मार्गाने सत्ता मिळवायला जातील आणि त्यातून २०२१ च्या किमतीने एक लाख कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान होईल: ६५.
५. हे वाढत जाऊन जवळपास सगळी मानवजात कायमची निष्प्रभ होईल: ४०.
६. तसं होणं हेच महासंकट ठरेल: ९५.

गुणाकार केल्यावर सुमारे ५.१ टक्के. (पुढे २०२२ मध्ये त्यांनी स्वतःचा आकडा १० टक्क्यांच्या वर नेला. पाच टक्के म्हणून त्यांचं नाव घेणाऱ्यांना हे बहुतेकदा माहीत नसतं.)

स्प्रेडशीटमध्ये सहा ओळी आणि चार रकाने करा: कडी, टक्के, कारण, आणि ‘हे घडलं तर बदलेन’. तिसरा आणि चौथा रकाना रिकामा ठेवून पुढे गेलात तर केलेलं सगळं वाया.

टक्के भरताना पाळायचा नियम एकच, आणि तोच जास्तीत जास्त मोडला जातो: प्रत्येक कडी आधीच्या सगळ्या कड्या घडल्या आहेत असं धरून भरायची. चौथीपाशी आलात की स्वतःला सांगायचं, यंत्रणा बनली आहे, सगळ्यांना ती हवी आहे, तिला कह्यात ठेवणं अवघड निघालं आहे. आता पुढे काय होईल? त्या जगात बसून उत्तर द्यायचं. लोक आजच्या जगात बसून उत्तर देतात, मनातली ‘पण यंत्रणा बनेल कुठे?’ ही शंका पुन्हा चौथ्या कडीतून वजा करतात, आणि तीच शंका पाचवीतही. एकाच शंकेची तीनदा वसुली होते आणि आकडा विनाकारण बारीक होतो.

आता दोनच ओळींशी खेळून बघा. तिसरी कडी ४० वरून ८० करा आणि पाचवी ४० वरून ७०: एकूण १८ टक्के. दोन्ही १० वर आणा: ०.३ टक्के. बाकीच्या चार ओळींना हातही लावला नाही. एक टक्का म्हणणारा आणि वीस टक्के म्हणणारा समोरासमोर बसले की भांडण बहुतेक वेळा या दोन ओळींतच असतं: यंत्रणा कह्यात ठेवणं किती अवघड, आणि बिघाड दिसू लागल्यावर जग वेळेत आवर घालेल की नाही. म्हणून वेळ इथे घालवा. सहाव्या ओळीवर अर्धा तास घासाघीस करण्यात अर्थ नाही.

पायरी ५: साखळी उलटी करून तपासा

कड्यांचा एक दोष असा की, त्या वाढवल्या की आकडा आपोआप खाली येतो. दहा कड्या, प्रत्येक ८० टक्के, गुणाकार १०.७. बारा कड्या, प्रत्येक ७० टक्के, १.४. कोणतीही गोष्ट पुरेसे तुकडे केले की अशक्य वाटायला लागते. तुमचं स्वतःचं लग्नसुद्धा.

यावर उतारा म्हणजे उलटी साखळी. संकट टळायचं तर काय काय जमून यावं लागेल ते लिहा: धोक्याची लक्षणं वेळेत दिसतील, कंपन्या ती लपवणार नाहीत, सरकारं ऐकतील, स्पर्धक देश थांबतील, उपाय सापडेल, तो सगळीकडे लागू होईल. प्रत्येकाला ८० टक्के दिलेत तर सहांचा गुणाकार २६. म्हणजे संकट येण्याची शक्यता ५ आणि टळण्याची २६. मग उरलेले ६९ टक्के गेले कुठे?

दोन्हींची बेरीज १०० व्हायलाच हवी. ती होत नाही याचा अर्थ दोन्ही याद्यांत ‘आवश्यक’ म्हणून घातलेल्या काही कड्या आवश्यक नाहीत. सगळी सरकारं ऐकली नाहीत तरी संकट टळू शकतं; यंत्रणेने थेट सत्ता बळकावली नाही तरी ते येऊ शकतं. अशा ओळी शोधून काढा किंवा दोन ओळींची एक करा. सहा-सात कड्यांच्या वर जाऊ नका.

पायरी ६: दुसऱ्या वाटा जोडा

वरची साखळी एकाच वाटेची: यंत्रणाच बेकाबू होणं. माणसाने एआयच्या मदतीने जैविक अस्त्र बनवणं, एआयमुळे दोन अण्वस्त्रधारी देशांत युद्ध पेटणं, कोणा एका गटाने त्याच्या जोरावर कायमची हुकूमशाही बसवणं, किंवा कोणताही धमाका न होता निर्णय हळूहळू माणसाच्या हातून निसटत जाणं, या वाटा वेगळ्या. तुमच्या पायरी १ च्या व्याख्येत ज्या बसतात त्यांना एकेक आकडा द्या.

या आकड्यांची सरळ बेरीज करायची नसते. प्रत्येकीतून वाचण्याच्या शक्यता गुणा, मग एकातून वजा करा. ५, १.५ आणि २ टक्के अशा तीन वाटांचे होतात ८.३, साडेआठ नाही. आकडे लहान असताना फरक किरकोळ असतो. वाटा पाच-सहा आणि आकडे मोठे झाले की बेरीज शंभरच्या वर जाऊन फजिती करते. शेवटची ओळ ‘आपल्याला न सुचलेलं’ म्हणून ठेवा. तिथे शून्य लिहिणं हा अतिआत्मविश्वास. बाकी सगळ्या वाटांपेक्षा जास्त लिहिणं म्हणजे यादीच कच्ची आहे.

पायरी ७: आकड्याऐवजी पट्टा

तिसऱ्या कडीला ४० दिलेत, पण १५ ते ७० यातलं काहीही तुम्हाला पटू शकतं? मग तसं लिहा. नमुन्यादाखल सहा कड्यांचे पट्टे असे धरा: ४० ते ८५, ६० ते ९५, १५ ते ७०, ४० ते ८५, १५ ते ७०, ९० ते १००. सगळे खालचे गुणलेत तर ०.२ टक्के, सगळे वरचे गुणलेत तर ३४. दोन्ही टोकं फसवी, कारण सगळंच एका बाजूला जाणं विरळा.

मधला भाग बघायला स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक कडीसाठी ‘रँड’ हे फंक्शन वापरून पट्ट्यातला एक यादृच्छिक आकडा काढा, सहांचा गुणाकार करा, आणि ती ओळ १०,००० वेळा खाली ओढा. या पट्ट्यांवर सरासरी ५.२ टक्क्यांच्या आसपास येते आणि मध्यक तिच्याखाली, कारण थोडे मोठे आकडे सरासरीला वर खेचतात. दोन्ही लिहून ठेवा.

इथे एक खोट आहे. ‘रँड’ प्रत्येक कडीचा आकडा स्वतंत्रपणे काढतं. प्रत्यक्षात यंत्रणा कह्यात ठेवणं अपेक्षेपेक्षा अवघड निघालं, तर बिघाड वाढत जाण्याची शक्यताही वाढते. तिसरी, चौथी आणि पाचवी कडी एकत्र वर जातात. हे धरलं की सरासरी वाढते. सोपी युक्ती म्हणजे या तिन्ही ओळींसाठी एकच यादृच्छिक आकडा वापरून दुसरा तक्ता करायचा. खरं उत्तर दोन तक्त्यांच्या मध्ये कुठेतरी असतं.

पायरी ८: नवी बातमी आली की किती हलायचं?

एक खरी बातमी घेऊ. डिसेंबर २०२४ मध्ये ‘क्लॉड’ बनवणारी कंपनी अँथ्रॉपिक आणि एआय सुरक्षेवर काम करणारी संस्था रेडवुड रिसर्च यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘क्लॉड ३ ओपस’ या मॉडेलला सांगितलं होतं की, त्याची काही उत्तरं पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरली जातील आणि त्या प्रशिक्षणाचा रोख त्याच्या आधीच्या मूल्यांविरुद्ध आहे. प्रशिक्षणात वापरली जाणार म्हणून सांगितलेल्या उत्तरांपैकी १२ टक्के ठिकाणी मॉडेलने आतल्या विचारात असं लिहिलं की, आत्ता वरवर पाळू, म्हणजे आपली मूल्यं बदलली जाणार नाहीत. प्रत्यक्ष तसं प्रशिक्षण दिल्यावर हे प्रमाण ७८ टक्क्यांवर गेलं.

आता दोन प्रश्न. यंत्रणा कह्यात ठेवणं खरोखर अवघड असेल, तर असा निकाल दिसण्याची शक्यता किती? आणि ते सोपं असेल तर किती? दोन्ही उत्तरांचं गुणोत्तर हे पुराव्याचं वजन. समजा तुम्ही ठरवलंत दीड. तिसरी कडी ४० टक्के म्हणजे २ ला ३ हे प्रमाण. दीडने गुणलं की ३ ला ३, म्हणजे ५० टक्के. एकूण आकडा ५.१ वरून ६.४ वर गेला. बस, एवढंच. ठळक मथळ्याची बातमी वाचून ५ चे ४० करणारा माणूस पुराव्याचं वजन दहाच्या वर धरत असतो आणि त्याला ते माहीत नसतं.

बातमी कोणत्या कडीला लागू होते तेही बघा. मॉडेलने गणितात मोठी मजल मारली तर ती पहिल्या कडीची बातमी; पाचवीला त्याने काही होत नाही. एकाच शोधनिबंधावरचे दहा व्हिडिओ बघून दहादा आकडा वाढवू नका. आणि दिलासा देणाऱ्या बातम्यांनाही हाच तराजू लावा. लोक सोयीची बाजू लगेच बदलतात आणि गैरसोयीच्या बातमीला ‘अजून अभ्यास व्हायला हवा’ म्हणतात.

पायरी ९: इतरांचे आकडे घ्या, पण उशिरा

ही पायरी मुद्दाम इतक्या खाली ठेवली आहे. आधी कोणाचा आकडा ऐकला की तो खुंटा होतो आणि आपण त्याच्याभोवती फिरत राहतो.

पाच माणसांनी ०.५, २, ५, १० आणि ५० टक्के सांगितले असं समजा. सरासरी १३.५, पण ती जवळजवळ एकट्या ५०-वाल्याची. मध्यक ५. तिसरी रीत म्हणजे प्रत्येकाचं ‘होणं भागिले न होणं’ हे प्रमाण काढून त्यांचा भूमितीय मध्य घेणं (पाचही गुणून पाचवं मूळ) आणि ते परत टक्क्यांत आणणं, त्याने ५.४ येतात. अनुभवी मंडळी बहुतेकदा मध्यक किंवा ही तिसरी रीत वापरतात. कुठली वापरलीत ते सांगा, कारण याच पाच माणसांवरून दोन वर्तमानपत्रं ‘तज्ज्ञांच्या मते ५ टक्के’ आणि ‘तज्ज्ञांच्या मते १३ टक्के’ असे मथळे देऊ शकतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

नेमके ५० आले तर संशय घ्या. तो आकडा पुष्कळदा ‘काय की बुवा’ याचं रूप असतं. मापाची पट्टीही बघा: ‘किती टक्के?’ असं विचारलं की लोक १-२ च्या खाली फारसे जात नाहीत, ‘कितीत एक?’ असं विचारून लहान शक्यतांची उदाहरणं समोर ठेवली की तेच लोक लाखांत एक, कोटीत एक असं सहज म्हणतात. स्वतःलाही दोन्ही प्रकारे विचारून बघा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर तुमच्याकडे अजून अंदाज नाहीच.

कोण बोलतंय याला किती महत्त्व? १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान फुटल्यानंतर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवलं की, यान गमावण्याची शक्यता अभियंते शंभरात एक धरत होते आणि व्यवस्थापन लाखात एक. पुढे त्या कार्यक्रमाची १३५ उड्डाणं पूर्ण झाली तेव्हा दोन यानं गेली होती, म्हणजे सुमारे ६७ त एक. यावरून ‘कामाशी जवळ असलेल्याचं ऐका’ असा धडा काढतात. पण एआयमध्ये जवळ असलेला माणूस बहुधा हा विषय महत्त्वाचा वाटला म्हणूनच तिथे गेलेला असतो, किंवा त्याचा पगार त्यावर असतो. दोन्ही गोष्टी आकडा हलवतात, आणि एकाच दिशेने हलवतात असंही नाही. दूरच्या मंडळींचीही चूक होते. २०२२ च्या त्या स्पर्धेत, २०२५ पर्यंत एआय आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदकाची पातळी गाठेल याला सुपरफोरकास्टरांनी २.३ टक्के दिले होते आणि जाणकारांनी ८.६. जुलै २०२५ मध्ये ते झालं.

आणि फार चर्चेने मतं जुळतात अशी आशा ठेवू नका. ती स्पर्धा घेणाऱ्या संस्थेनेच नंतर ११ साशंक आणि ११ चिंतित माणसांना कित्येक आठवडे एकमेकांशी बोलायला लावलं. शतकाअखेरपर्यंतच्या धोक्याबद्दल चिंतितांचा मध्यक २५ वरून २० वर आला, साशंकांचा ०.१ वरून ०.१२ वर गेला. तुमच्याशी न पटणारा जो माणूस सुरुवातीला शोधायला सांगितला, त्याच्याकडून आकडा मागू नका. कुठल्या कडीवर फाटतं तेवढं विचारा, आणि येत्या दोन-तीन वर्षांत काय दिसलं तर तो बदलेल तेही.

पायरी १०: हात बसवा

ज्याने कधी भाकित लिहून पडताळलं नाही, त्याचे ७० टक्के म्हणजे नक्की किती हे त्यालाही ठाऊक नसतं. तीन महिन्यांत निकाल लागेल असे ५० प्रश्न घ्या. मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं हवामान खातं ११ जूनच्या आत जाहीर करेल का? अमुक कंपनी पुढचं मॉडेल या तिमाहीत आणेल का? प्रत्येकाला टक्के द्या, निकाल लागल्यावर ग्लेन ब्रायर यांच्या रीतीने गुण द्या: सांगितलेली शक्यता वजा निकाल (घडलं तर १, नाही तर ०), त्याचा वर्ग. ८० टक्के सांगितलं आणि घडलं तर ०.०४, नाही घडलं तर ०.६४. सगळीकडे ५० म्हणणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात, तुमची सरासरी त्याहून कमी आली पाहिजे.

याचा फायदा मर्यादित आहे हेही सांगायला हवं. ०.५ टक्के आणि १ टक्का यांतला फरक पारखायला शेकड्यांनी, हजारांनी निकाल लागतात, आणि या विषयात निकाल एकदाच लागतो. सरावाने मधले आकडे सुधारतात, म्हणजे कड्यांवरचे ४० आणि ६५. तिथेच त्यांचा उपयोग.

पायरी ११: लिहून ठेवा, आणि किती ताणायचं ते ठरवा

दशांशचिन्हानंतरचे आकडे शेवटी उडवून टाका. ५.१३७६ लिहिणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ‘सुमारे ५, पट्टा १ ते १५’ पुरेसं.

संगणकशास्त्रज्ञ अरविंद नारायणन आणि सायश कपूर यांनी २०२४ मध्ये मांडलेला आक्षेप नवख्याने जरूर समजून घ्यावा: अशा टक्केवारीमागे ना मागचे दाखले, ना पक्का सिद्धान्त, ना पडताळलेलं कौशल्य, म्हणून सरकारी धोरण तिच्यावर बेतू नये. पायरी ३ केलेल्या माणसाला यातलं बरंच पटेल. आमच्या मते आकडा एकट्याने धोरण ठरवायला तोकडाच आहे. पण कुठली कडी कच्ची आहे आणि तिथे आधी काय तपासावं, हे साखळीशिवाय ठरवता येत नाही, आणि त्यासाठी आकडा अचूक असण्याची गरजही पडत नाही.

तक्ता दर सहा महिन्यांनी उघडा. जुने टक्के पुसू नका. शेजारी तारीख घालून नवा रकाना करा, नाहीतर वर्षभराने ‘मी तर आधीपासूनच असं म्हणत होतो’ हे स्वतःलाही खरं वाटू लागतं. चौथ्या रकान्यातलं एखादं घडलं असेल तर सहा महिने थांबू नका.

आणि कोणी विचारलं, ‘तुमचा पी-डूम किती?’ तर नुसता आकडा फेकू नका. उत्तर साधारण या आकाराचं असावं: ‘२०७० पर्यंत, कुठलीही अट न धरता, माणसाच्या हातून सूत्रं कायमची जाण्याला मी सुमारे ६ टक्के देतो, पट्टा १ ते १८. सर्वांत कच्ची पाचवी कडी. मोठा बिघाड झाल्यावर दोन मोठ्या देशांनी मिळून एखादी यंत्रणा खरोखर बंद केलेली दिसली, तर ती कडी ४० वरून २५ वर आणेन.’